टेपचं दुसरं टोक

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मिरजेहून खिद्रापूर काही लांब नाही. वाटेत नृसिंहवाडी आणि कुरुंदवाड केलं तरी जाऊन-येऊन शंभर किलोमीटरच्या आतच काम होतं. माझ्या सोळा वर्षांच्या जुन्या स्प्लेंडरला त्यासाठी दोन लिटर पेट्रोलही लागत नाही. माझा जन्म मिरजेचा, वय सत्तावन्न. कॉलेजात मराठी घेऊन बी. ए. झालो, इतिहास दुय्यम होता. आणि तरीही गेल्या डिसेंबरपर्यंत मी खिद्रापूरचं कोपेश्वराचं देऊळ पाहिलेलं नव्हतं. कुणी विचारलं तर 'सवड झाली नाही' असं सांगायचो. ते खरं नव्हतं.

खरं कारण फार जुनं आहे. सहावीत असताना शाळेची सहल एका जुन्या देवळात गेली होती. कुठल्या, ते राहू द्या. गुरुजींनी आम्हाला एक फुटकी मूर्ती दाखवली आणि ती कुणी फोडली ते सांगितलं. ते खोटं सांगत होते असं मी म्हणत नाही. पण ते बोलत असताना पुढच्या रांगेतली चार-पाच पोरं वळली आणि माझ्याकडे बघायला लागली. मग त्यांच्याकडे बघून बाकीची वळली. कुणी काही बोललं नाही. परतीच्या एस.टी.त नेहमीसारखाच मला चिवड्यातला वाटाही मिळाला. नुसतं बघितलं, एवढंच. पण त्यानंतर मी जुनी देवळं बाहेरूनच बघत आलो. कळस बघायचा, पार बघायचा, चहा प्यायचा, गाडीला किक मारायची.

आमची मुलगी आर्किटेक्चरला आहे, कोल्हापुरात. या वर्षी त्यांना एका जुन्या वास्तूची मापं घेऊन तिचे नकाशे काढायचे होते. प्रत्येक गटाने एक वास्तू निवडायची. हिच्या गटाने खिद्रापूर निवडलं आणि हिच्या वाट्याला आला गजपट, म्हणजे देवळाच्या पायथ्याशी असलेली हत्तींची रांग. गटातली बाकीची मंडळी आधीच जाऊन आली होती. ही तापाने आजारी होती म्हणून राहिली. एका रविवारी सकाळी म्हणाली, "अब्बा, तुम्ही चला. टेपचं एक टोक धरायला माणूस लागतं."

आमच्या घरात बोलणं अर्धं दखनी, अर्धं मराठी. तिची अम्मी दखनीत चिडते आणि मराठीत काळजी करते. त्या दिवशी तिला मराठीच सुचत होती. "कशाला जाताय? कोण काय बोललं म्हणजे?" तिचंही चुकत नव्हतं. २००९ साली गणेशोत्सवात मिरजेत दंगल झाली, तेव्हाची संचारबंदी आम्ही चार भिंतींत काढलेली आहे. आणि जून २०२३ मध्ये मोबाईलवरच्या स्टेटसवरून कोल्हापुरात बंद झाला, दगडफेक झाली, इंटरनेट बंद पडलं, तेव्हा ही पोरगी पहिल्या वर्षाला, कोल्हापुरात भाड्याच्या खोलीत होती. स्टेटसचा विषय होता औरंगजेब. तीनशे वर्षांपूर्वी मेलेल्या बादशहाने माझ्या पोरीला दोन दिवस खोलीबाहेर पडू दिलं नाही, असं मी तेव्हा गमतीने म्हणालो होतो. घरात कुणी हसलं नव्हतं.

तर आम्ही निघालो. गाडी तिने घेतली, मी मागे. सकाळचे साडेसहा, कृष्णाकाठचं धुकं. अर्जुनवाडच्या पुलावर तर पुढच्या ट्रॉलीचे फक्त लाल दिवे दिसत होते. उसाचा हंगाम, ट्रॅक्टर, बैलगाड्या आणि रस्त्यावर सांडलेली वाढी. एका गाडीवानाने मुलगी चालवतेय आणि बाप मागे बसलाय हे बघून बैलांना हाळी दिली की आम्हाला, कळलं नाही. "अब्बा, पीछे ठीक बैठे ना?" असं तिने तीनदा विचारलं. मी तिला लहानपणी टाकीवर बसवून शाळेत सोडायचो तेव्हा असाच विचारत असे.

शिरोळ ओलांडून वाडीला आलो. वाडी म्हणजे नृसिंहवाडी. कृष्णा आणि पंचगंगेचा इथे संगम आहे. औदुंबराखाली नृसिंहसरस्वतींच्या पादुका, रुंद घाट. पावसाळ्यात नदी वर चढते आणि देवळातून वाहते. त्याला दक्षिणद्वार म्हणतात आणि लोक त्या पाण्यात स्नानाला येतात. २००५ आणि २०१९ च्या महापुरात तर हा सगळा मुलूखच पाण्याखाली होता. वाडी मला परकी नाही. इथली बासुंदी आणि कवठाची बर्फी आमच्या घरी ईदेलाही येते.

आणि वाडीची एक गोष्ट माझ्या विशेष उपयोगाची आहे. विजापूरच्या आदिलशहाच्या मुलीची दृष्टी गेली होती, ती इथल्या प्रसादाने परत आली आणि बादशहाने पलीकडच्या काठावरची औरवाड, गौरवाड ही गावं देवस्थानाला इनाम दिली, असं वाडीत सांगतात. उपयोगाची अशासाठी, की गावोगावच्या एकतेच्या कार्यक्रमांना मला बोलावतात. सूत्रसंचालक सांगतो, "मुस्लिम असूनही ते किती सुंदर मराठी लिहितात." त्या 'असूनही'वर मी हसतो, उठतो आणि आदिलशहाची ही गोष्ट सांगतो. टाळ्या हमखास. त्या दिवशीही घाटावर उभं राहून मी लेकीला ती सांगायला लागलो. ती म्हणाली, "अब्बा, ऐकलीय मी. आठवड्याला एकदा." मग आम्ही चहा प्यालो आणि उठलो. पण गोष्ट माझ्या खिशात होतीच. कुणी काही बोललंच तर दाखवायची पावती.

पंचगंगेचा पूल ओलांडला की कुरुंदवाड. पटवर्धनांच्या संस्थानाचं गाव. घाटावर संताजी घोरपड्यांची समाधी आहे. औरंगजेबाच्या फौजेला ज्यांनी झोप येऊ दिली नाही ते संताजी. आणि याच गावात पाच मशिदींमध्ये गणपती बसतो. वर्तमानपत्रांत दरवर्षी फोटो येतो, तुम्ही पाहिला असेल. इथे आम्ही फक्त हवा भरायला थांबलो. मागचं चाक बसत होतं, माझ्या वजनामुळे असं लेकीचं म्हणणं.

पुढे अकिवाट, राजापूर करत रस्ता अरुंद होत जातो. दोन्ही बाजूंना ऊस. पाट्यांवर कन्नड दिसायला लागतं, बोलण्यातही कन्नड हेल येतो. खिद्रापूर महाराष्ट्राच्या अगदी टोकाला आहे, कृष्णेच्या वळणात. गावाचं नाव कुणा खिद्रखान नावाच्या सरदारावरून पडलं असं गावात सांगतात. मला मात्र ख्वाजा खिज्र आठवले. पाण्याचे पीर. वाट चुकलेल्यांना वाट दाखवतात. नदीने तिन्ही अंगांनी वेढलेल्या गावाला ते नाव शोभतं, पण हे माझं कवीचं गणित, त्याला पुरावा नाही.

देऊळ बाहेरून फार उंच दिसत नाही. घरं, गल्ली, एक भिंत, एक दरवाजा. मी नेहमीसारखा बाहेर थांबायच्या बेतात होतो. पण टेपचं टोक धरायला आलो होतो ना. चपला काढल्या आणि आत गेलो.

आत गेल्यावर आधी स्वर्गमंडप लागतो. त्याबद्दल वाचलेलं खूप होतं. बाराव्या शतकातलं, शिलाहारांच्या काळातलं काम. ४८ खांब, एकात एक अशा वर्तुळांत उभे. काही चौकोनी, काही अष्टकोनी, काही गोल, कातावर धरल्यासारखे घोटीव. मधल्या वर्तुळात बारा खांब आणि त्यांच्यावर छत नाहीच. सुमारे तेरा फूट व्यासाचं गोल आभाळ. खाली जमिनीवर तेवढीच गोल शिळा. होमाचा धूर वर जावा म्हणून ही जागा मोकळी सोडली असं सांगतात. त्रिपुरी पौर्णिमेला चंद्र तिथे येतो तेव्हा बघायला गर्दी होते. मी गोल शिळेवर उभा राहून वर बघितलं. कडेने अष्टदिक्पाल, आपापल्या वाहनांसकट, आणि मध्ये डिसेंबरचं निळं, रिकामं आभाळ.

मला वाटलं, घुमट पडून गेला असेल. लेक म्हणाली, "नाही अब्बा. पुरा केलाच नाही. मुद्दाम." मग तिने समजावलं. या देवळात कमान नाही. दगडाचा एक थर, त्यावरचा थर थोडा आत सरकवलेला, त्यावरचा आणखी थोडा आत. असं करत करत वर्तुळ लहान होत जातं. शेवटच्या थरातले दगड एकमेकांना रेटून धरतात. मधला शेवटचा दगड बसवला तर छत पुरं होतं, नाही बसवला तरी पडत नाही. मला गोल घुमटाची आठवण झाली. मिरजेच्या पोरांची विजापूरची सहल ठरलेली असते, तिथे आम्ही वर जाऊन एकमेकांची नावं ओरडत असू. तो आभाळ झाकून दाखवणारा घुमट. इथे पाच शतकं आधी कुणीतरी ते झाकायचंच नाही असं ठरवलं होतं.

सूर्य दक्षिणेला कललेला होता, त्यामुळे उजेडाचा गोल खालच्या शिळेवर नीट बसत नव्हता. तो घसरून उत्तरेकडच्या खांबांवर चढला होता. मी बराच वेळ तिथेच बसलो. लेकीने दोनदा हाक मारली.

दक्षिणेकडच्या दारापाशी यादव राजा सिंघणाचा शिलालेख आहे, शके ११३६ चा, म्हणजे इ. स. १२१३-१४. देवळासाठी गाव दान दिल्याचा. इथले बरेच लेख कन्नडात आहेत, हा मात्र देवनागरीत, भाषा संस्कृत. अर्थ मला लागला नाही. पण अक्षरं ओळखू येत होती. हा 'र', हा 'म', हा 'द'. आठशे वर्षांपूर्वी दगडात खोदलेली आणि मी रोज वहीत काढतो तीच. मी बोटाने एक ओळ गिरवत होतो. मागून आवाज आला, "हात लावू नगा, सरकारचा पहारा हाय." वळून बघितलं तर एक म्हातारे गृहस्थ. पांढरी टोपी, मळकं जाकीट, गळ्यात मफलर. गावातलेच. सगळे त्यांना मामा म्हणत होते. ते पगारी वाटाडे नव्हते, आवडीनेच सांगत. पण सांगायला लागले की थांबत नसत.

त्यांनी आम्हाला सगळं दाखवलं. हा शिवाचा कोप झाला तो कोपेश्वर, त्याचा राग शांत करायला आलेला विष्णू तो धोपेश्वर. गाभाऱ्यात दोन लिंगं. समोर नंदी नाही, कारण सती त्याच्यावर बसून माहेरी, दक्षाच्या यज्ञाला गेली. नंदी आहे तिकडे यडूरला, कर्नाटकात, इकडे तोंड करून बसलेला. हे ते इतकं सहज सांगत होते, की जणू नंदी संध्याकाळी परत येईल. गाभाऱ्याच्या दाराशी मी थबकलो. "या की आत," मामा म्हणाले. आत अंधार, गारवा, तेलाचा वास. इतरांचे हात जोडलेले. माझे हात कुठे ठेवावेत ते मला कळेना. शेवटी मी ते पाठीमागे बांधले, शाळेत प्रार्थनेच्या वेळी उभा राहायचो तसे.

मग आम्ही बाहेर आलो, हत्तींकडे. देवळाच्या सगळ्या भारासकट उभे असलेले हत्ती. "ब्याण्णव हायती. मोजा पायजे तर," मामा म्हणाले. प्रत्येकाची झूल वेगळी, साखळी वेगळी, घंटा वेगळी. पाठीवर देव. आणि बहुतेकांच्या सोंडा तुटलेल्या. ओळीने. एकामागून एक.

"हे औरंग्याच्या फौजंनं फोडलं बगा," मामा म्हणाले. "निस्तं फोडत गेलं मुडदं."

मला माहीत होतं हे वाक्य येणार. चाळीस-पंचेचाळीस वर्षं मी याच वाक्यापासून लांब राहिलो होतो. मी नाकारणार नाही. १७०१ मध्ये औरंगजेबाने पन्हाळा घेतला तेव्हा त्याच्या फौजा या मुलखात फिरत होत्या. त्या काळात देवळं फोडली गेली आहेत. इथे नेमकं कुणी फोडलं याचा कागद मी पाहिलेला नाही, पण तुटलेली सोंड समोर होती आणि ती आपोआप तुटलेली नव्हती.

आणि मग मामांनी साहजिकच विचारलं, "कुठलं म्हनायचं तुमी? नाव काय?"

इथे मी एक युक्ती करतो. मी टोपणनाव सांगतो. कवीचं टोपणनाव असतंच, ते मराठी आहे, लोक समाधानाने मान हलवतात. मी ते सांगायला तोंड उघडलं, पण लेक आधी बोलली. तिने स्वतःचं नाव सांगितलं, पूर्ण. तिचं, माझं, आणि आडनाव. मिरज, दर्ग्याजवळ.

मामा गप्प झाले. फार वेळ नाही, जास्तीत जास्त दोन श्वास. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. चुकून कुणाच्या पायावर पाय पडला की माणूस दिसतो तसे ते दिसले. माझ्या जिभेवर आदिलशहा आला होता. औरवाड, गौरवाड, राजकन्येचे डोळे. पावती बाहेर काढायची हीच वेळ.

तेवढ्यात लेक म्हणाली, "मामा, हे टोक धरता का जरा? त्या कोपऱ्याला, हत्तीच्या पायाशी."

मामांनी टोक धरलं. खाली वाकले, गुडघ्यावर हात ठेवून, आणि टेप हत्तीच्या पायाला टेकवली. "हितं?" "अजून खाली. हां." ती आकडा वाचे, मी वहीत लिहून घेई. माझं काम बदललं होतं. दहा-बारा हत्ती झाले तेव्हा मामाच सांगायला लागले की टेप सैल पडतेय, ताणून धर. वाकलेलेच असताना म्हणाले, "मिरजंला आमची थोरली बाळंत झाली, मिशनच्या दवाखान्यात. तवा दर्ग्याच्या बोळात खोली घेतलीवती म्हैनाभर." मी विचारलं कुठल्या बोळात. त्यांनी खूण सांगितली. तानपुऱ्याचं दुकान, बाहेर भोपळे वाळत घातलेले. आमच्या बोळात भोपळे वाळत घालणारी दुकानं चार आहेत, आणि त्यातलं एक माझ्या चुलत्यांचं होतं. कुठलं ते मामांना आठवेना. मीही ताणलं नाही.

लेकीच्या वहीत प्रत्येक हत्तीसाठी एक ओळ होती. उंची, रुंदी, दगड, आणि 'स्थिती'. स्थितीच्या रकान्यात ती लिहीत होती: सोंड मध्यापासून नाही. डावा सुळा नाही. कडा झिजलेल्या. पुढच्या एकाला: कड धारदार, तुटलेली जागा अलीकडची. मी विचारलं, कारण कुठे लिहायचं? ती म्हणाली, "कारणाचा रकाना नाही, अब्बा. सरांनी सांगितलंय, दिसतं तेवढंच लिहा. काय उरलंय ते आधी नीट मोजा." एका हत्तीच्या अंगावर कुणीतरी बदामाचं चित्र कोरून दोन नावं लिहिली होती. तीही तिने लिहून घेतली. फौजेत नसलेली, चांगली आपली मराठी नावं.

मी सोंड नसलेल्या एका हत्तीसमोर उभा होतो. आयुष्यभर मला वाटत आलं होतं की इथे उभं राहिलो तर मला लाज वाटेल, किंवा राग येईल. त्याऐवजी जे झालं ते सांगायला सोपं नाही. मला त्या हत्तीचं वाईट वाटलं. त्याच्या कानामागे कारागिराने एक बारीक सुरकुती काढली होती, कुणाला दिसणार नाही अशा जागी. तानपुऱ्याच्या भोपळ्याला आतून घासणारे आमचे दादाजान आठवले. तेही कुणाला दिसत नसे. इतकं मन लावून केलेलं काम कुणीतरी घण घालून मोडलं होतं, आणि त्याचं वाईट वाटायचा हक्क मला सहावीपासून कुणी दिला नव्हता. मीही मागितला नव्हता.

दुपारी इचलकरंजीहून पंधरा-वीस जणांचा एक गट आला. मामा त्यांच्यासोबत गेले. आम्ही हत्तींपाशीच होतो. फिरत फिरत ते आमच्याजवळ आले आणि मामा नेहमीच्या वाक्यावर आले. "हे औरं..." आणि आमच्याकडे बघून त्यांनी आवाज उतरवला. पुढचं वाक्य पुटपुटत सांगितलं. गटातल्या दोघांना ऐकू आलं नाही, त्यांनी विचारलं, "कुणी फोडलं?" मामा म्हणाले, "ते हाय... जुनं हाय."

खरं सांगतो श्रोतेहो, सकाळचं वाक्य मला इतकं लागलं नव्हतं जितकी ही कुजबुज लागली. गट गेल्यावर मी मामांना म्हटलं, "मामा, मोठ्यानं सांगत जा. जे आहे ते आहे. आमच्याकडे बघून थांबू नका."

"तसं न्हवं, सर."

"मग कसं?"

त्यांनी मफलर सोडून पुन्हा बांधला. "आता वळख झाली न्हवं का," म्हणाले.

यावर मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही. चार दशकं कविता लिहिणारा माणूस मी, पण ओळख झाल्यावर खरं सांगायचं कसं, हे ना मामांना ठाऊक होतं, ना मला.

त्याच गल्लीत जवळच आदिनाथाचं जुनं जैन मंदिर आहे, तेही त्याच काळातलं. ते बघायचं राहिलं होतं, घाईघाईने बघितलं. चारला निघालो. मामांनी लेकीला मूठभर हरभऱ्याचे डहाळे दिले आणि मला विचारलं, "कविता म्हंजे मराठीतच का?" मी हो म्हटलं. 'असूनही' वगैरे काही ते म्हणाले नाहीत. म्हणाले, "मग एकदा म्हना हितं, त्या भोकाखाली. आवाज चांगला घुमतोय." परतीच्या वाटेवर उसाच्या ट्रॉल्यांनी कुरुंदवाडला अर्धा तास खोळंबवलं. घरी पोचलो तेव्हा मगरीबची अजान होऊन गेली होती. हिच्या अम्मीने दारातच विचारलं, "कुणी काही बोललं?" लेक म्हणाली, "खूप बोलले." आणि डहाळे पुढे केले.

दोन दिवसांनी फोन आला. लेकीने मामांना नंबर देऊन ठेवला होता. टेप तिथेच राहिली होती, शेवटच्या हत्तीच्या पायाशी. मामांनी ती घरी नेऊन ठेवली होती. "कुरिअर-बिरिअर काय करत न्हाई मी," म्हणाले. "येऊन न्या. आनि उरलेलं हत्ती बी मोजायचं हायती न्हवं?"

उरलेले म्हणजे एकवीस. या रविवारी निघतोय. मागच्या चाकाची ट्यूब बदलून घेतली आहे.